निम्मं आटवलेलं पाणी
तळ्यावर हिरवी साय धरली आणि नळाला हिरवट पाणी येऊ लागलं, तेव्हापासून आजी नातीचं पाणी निम्मं होईपर्यंत उकळायची. “माझ्या हातचं पाणी कधी कुणाला बाधलं नाही,” म्हणायची. आज नात दवाखान्यात निपचित पडली होती, चेहरा पिवळा. डॉक्टर सुनेला बाजूला घेऊन म्हणाले, “लिव्हरला सूज आहे. शेवाळाचं विष उकळून जात नाही. पाणी आटलं की उलट दाट होतं.” सून परतली तेव्हा आजी थर्मास उघडत होती. “उठली की हेच पाज. आज जास्तच आटवलंय.” स्वतःसाठीही तिने झाकणात थोडं ओतलं. सुनेने मनगट धरलं. “नको, आई.” “अगं, उकळलेलंच आहे.” सुनेने मनगट सोडलं नाही. आजीने तिच्याकडे पाहिलं, मग नातीकडे. झाकणातलं पाणी तिने परत ओतलं. झाकण घट्ट बसलं, तरी ती आवळतच राहिली.