छतावरची गल्ली

"हलू नकोस हं," भंगारशेठ म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. जिन्यावरून पडून मणका मोडलेली, दीड महिना पलंगावर उताणी असलेली बायको हलणार तरी कुठे?

शिवणकाकू हसल्या नाहीत. "हं," म्हणाल्या. हल्ली त्यांचं सगळं 'हं'वरच भागायचं. जेवतेस? हं. दुखतंय? हं. हाड जुळत होतं, हाडाची शेठना काळजी नव्हती. पण जिच्या तोंडाचा पट्टा लग्नापासून एक दिवस बंद पडला नाही, ती गप्प झाली होती. काळजी होती ती त्या गप्पपणाची.

त्यांनी खिडकीवर जाड चादर बांधली. याच खिडकीशी मशीन लावून काकू दिवसभर कपडे शिवायच्या आणि खालच्या गल्लीवर नजर ठेवायच्या. कोण कुणाकडे गेलं, कोण हातात काय लपवून आलं, सगळी खबर असायची. संध्याकाळी शेठ कोपऱ्यावर दिसले की वरूनच हात हलवून ओरडायच्या, "उशीर केलात आज!" वेळेवर आले तरी हेच. आता पलंगावरून दिसायचं ते छत, आणि छतावरचा ओलीचा एक डाग.

शेठनी टेबल पलंगाजवळ ओढलं आणि त्यावर पत्र्याचा डबा ठेवला. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसून, गिऱ्हाइकांना उद्या या, परवा या करत, त्यांनी तो भंगारातून जुळवला होता. आत मोडक्या डीव्हीडी प्लेअरचा तळहाताएवढा पडदा, मागचा दिव्याचा थर सोलून काढलेला. त्याच्या पाठीशी मोटरसायकलचा हेडलाइट. तो तापून सगळ्याचा चिखल करू नये म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. आणि तोंडाशी भिंग. भिंग चित्र उलटं करतं, म्हणून पडदा त्यांनी आधीच उलटा बसवला होता. दुकानाच्या भिंतीवर लावून पाहिलं, तर एकदम झकास.

त्यांनी डब्याचं तोंड वर केलं, मोबाइलची वायर त्याला जोडली आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. छतावर आधी नुसता पांढरा उजेड पडला, मग त्यात रंग आले, मग सायकल, झाड, माणसं. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून, मान मागे टाकून शेठ भिंग पुढेमागे करत होते.

"आलं! अगं, आलं बघ! काल तुझा डोळा लागला होता ना, तेव्हा मोबाइलवर शूटिंग लावून तो खिडकीत बांधून ठेवला होता मी. कशी दिसतेय आपली गल्ली?"

काकूंनी डोळे बारीक करून वर पाहिलं.

"उलटी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माणसं डोक्यावर चालताहेत. आणि ते भिंग माझं आहे. काळ्या कापडावर काळा दोरा असला की लागतं मला ते. डबासुद्धा माझाच. त्यातली बटणं कुठे सांडलीत?"

शेठचा जीव भांड्यात पडला. दीड महिन्यात एवढं सलग बोलणं! काकूंना कडकडून मिठी मारावी असं त्यांना वाटलं, पण मणका आडवा आला.

"बटणं सुखरूप आहेत गं. आणि उलटं कसं असेल? मला तर सरळ दिसतंय."

"तुम्ही पायाशी उभे आहात. मी इकडून बघतेय. चित्र कुणासाठी केलंत?"

"अरेच्चा!" शेठनी कपाळावर हात मारला. उभा जन्म टीव्ही दुरुस्त करण्यात गेला, पण झोपून बघणारं गिऱ्हाईक त्यांना कधी भेटलंच नव्हतं. त्यांनी डबा अर्धा फिरवला. आता त्यांच्या डोळ्यांपुढची माणसं डोक्यावर चालायला लागली.

"आता?"

"आता बरोबर." काकूंची नजर छतावर इकडून तिकडे फिरली आणि एकदम थांबली. "अगंबाई! ती समोरची बघा, पिवळ्या झग्यातली! तो झगा मी शिवलाय. कंबर सैल केलीय त्याची कुणीतरी. काय मेली ती शिवण! मी पडले नाही तोच दुसरीकडे नेला? उठू दे मला, बघतेच एकेकीला!"

"बघ, बघ," शेठ म्हणाले. "लवकर ऊठ आणि बघ."

"आणि तुम्ही तिथे मान मोडून काय उभे? इकडे या."

"धक्का लागेल तुला." या धास्तीनेच ते इतके दिवस खाली सतरंजीवर झोपत होते.

"अंग चोरून या. जन्मभर घरच्या कामात चोरलंत, आता नाही जमत होय?"

शेठ अंग चोरून पलंगाच्या कडेला आडवे झाले. पलंग कुरकुरला. काकूंनी दात आवळले, पण 'सरका' म्हणाल्या नाहीत.

छतावर उन्हं उतरली. शाळेची बस गेली, दुकानांचे दिवे लागले. मग कोपऱ्यावरून एक माणूस आला, खांद्याला हत्यारांची पिशवी, चाल जरा फेंगडी. तो खिडकीखाली थांबला. जाणारेयेणारे त्याच्याकडे वळून बघत होते, तरी त्याने रिकाम्या खिडकीकडे मान वर केली आणि हात हलवला.

काकूंचा हात पांघरुणातून बाहेर आला. सावकाश वर गेला, आणि हलला.

"उशीर केलात आज," त्या छताकडे बघत म्हणाल्या.

"हं," शेठ म्हणाले.