आंबा पडायला लागणारा वेळ

हेमांगीने नवऱ्यासाठी कॉम्प्युटरवर एक साधा गेम बनवला होता. झाडावरून आंबा सुटायचा आणि सुधन्वाने बटण दाबून तो टोपलीत झेलायचा. गेम बनवायचं वेगळं सॉफ्टवेअर तिला येत नव्हतं. ऑफिससाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये मेनू आणि स्क्रीनवरच्या खिडक्या सरकवायला ती जे तयार अ‍ॅनिमेशन वापरायची, तेच तिने इथे लावलं. आंबा कुठून कुठे आणि किती सेकंदांत न्यायचा एवढं सांगितलं, की बाकीचं कॉम्प्युटर बघायचा.

आजाराने सुधन्वाच्या हातांतली ताकद जात होती. यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आंबे निसटायला लागले, की हेमांगी गुपचूप सेकंद वाढवायची. मग तो पुन्हा जिंकायचा आणि संध्याकाळ बरी जायची.

त्या रविवारी आंबा हवेत जवळजवळ थांबलेलाच दिसत होता. सुधन्वाचं बोट बटणावर होतं, पण बटण दाबलं जात नव्हतं.

"तू वेळ वाढवत होतीस ना?" त्याने विचारलं.

"हो. दिवाळीपासून."

तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "पहिल्यासारखं कर."

"अरे, जमणार नाही तुला."

"माहितेय. नुसतं बघू दे."

तिने जुना वेग लावला. आंबे भराभर पडू लागले, सगळे जमिनीवर. हेमांगीने बटणावरचा त्याचा हात उचलून आपल्या हातात घेतला. त्याची बोटं तिच्या बोटांभोवती मिटली नाहीत.