नवसाची कणीक

धाकट्या जावेच्या भावानं रत्नागिरीहून समुद्राचं पाणी अन् रंगीत मासे आणून काचेची पेटी भरून दिली, तेव्हापासून अख्खी गल्ली तिच्याच खोलीत. थोरल्या गौरम्माकडं कुणी ढुंकून बघेना. आज पाणी एकाएकी गढूळ, तुपकट झालं. धाकटी रडत अर्धं पाणी उपसून पिंपातलं राखीव खारं पाणी ओतू लागली. गौरम्माच्या जिवाला गार वाटलं. सासू तिच्या कानाशी लागली, “पेटीला दृष्ट लागली गं. गुडघ्यांमुळं सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाववलं न्हाई, म्हणून नवसाच्या कणकेच्या गोळ्या आज हितल्याच माशांना घातल्या. धाकटीची कूस उजवू दे म्हणलं.” नवस आपल्याच रिकाम्या ओटीसाठी, असं धरून गौरम्मा रोज ती कणीक तूप घालून मळत आली होती. “व्हय आत्याबाई, दृष्टच,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं न मागताच दुप्पट कणीक मळून दिली.