झोपेवरचं व्याख्यान

साहेबांना लाज नाही. रुग्णवाहिकेवर सलग छत्तीस तास राबलेल्या माणसांना त्यांनी घरी न सोडता ‘तणाव आणि झोप’ या व्याख्यानाला बसवलं. व्याख्याते म्हणाले, “डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या.” त्या माणसांतल्या दानेश्वरीनं मिटले आणि ती खुर्चीतच घोरायला लागली. कार्यक्रमाचे फोटो काढून झाल्यावर साहेबांनी तिचा खांदा हलवला. तिनं झोपेतच त्यांचं मनगट धरलं, शेजारच्या ड्रायव्हरला म्हणाली, “गौसभाई, गाडी काढा लवकर. ह्यांची नाडीच लागंना.” सभागृह हसलं. साहेब हसले नाहीत. दुपारी कारकून दानेश्वरीच्या नावची, व्याख्यानात झोपल्याची नोटीस घेऊन आला. “ताई, माफी लिवा की. नायतर नोकरी जाती.” त्याच सकाळी मंद्रूपहून सोलापूरपर्यंत एका लेकराची छाती दाबत त्याला जिवंत आणलेल्या दानेश्वरीनं पेन घेतलं, नोटिशीवरच ठळक लिहिलं: “झोपले, कबूल. आता तुम्ही लेखी कळवा, छत्तीस तासांच्या ड्युटीवर सही कुणाची?”