मेकॅनिक्सला एक नापास

मुंजाजीचं एकही उत्तर बरोबर नव्हतं.

अंजना मॅडमनी मेकॅनिक्सचा पेपर पुन्हा तपासला. चार पर्यायांतला एक निवडायचा होता. डोळे झाकून खुणा केल्या असत्या तरी दोन-चार बरोबर आल्या असत्या. घर्षण, उतार, पडणारा दगड. जिथं तिथं चूक.

दर उन्हाळ्यात त्यांच्या विषयात वसतिगृहातलं एक पोरगं नापास व्हायचंच आणि सुट्टीभर अभ्यासाला वसतिगृहातच थांबायचं. गेल्या साली आप्पाराव, त्याआधी म्हाळू. पावसाळ्यात फेरपरीक्षा झाली की दोघंही झटक्यात पास. यंदा प्राचार्यांनी बजावलं होतं, पुन्हा कुणी राहिलं तर शिकवायला दुसरं माणूस बघू.

मांजरसुंब्याच्या माळावर सहकारी संस्थेनं हे कॉलेज काढलं, तेव्हा तिचा साखर कारखाना धडधडत होता. आता उसाचं टिपरू नाही, कारखान्याला कुलूप. पण अध्यक्ष भगवानरावांची हौस आटली नव्हती. नव्या इमारतीचं पाणी संगणक कसं सांभाळील, ते पडद्यावर बघायची सोय त्यांनी केली होती. टाकी, पंप, नळ, सगळं चित्रात. कॉलेजची खरी टाकी कोरडी ठाक, चित्रातली तुडुंब. पाहुणा आला की भगवानराव चित्रातलं पाणी तिसऱ्या मजल्यावर चढवून दाखवत, आणि पाहुणे लाज सोडून टाळ्या वाजवत.

मॅडमनी मुंजाजीला त्याच पडद्यापुढं बसवलं.

"डोस्क्यात शिरत न्हाई, मॅडम," तो खाली बघत म्हणाला.

मॅडमनी चित्रातला पंप चालू केला, पुढचा व्हॉल्व्ह बंद केला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. दाबाचा काटा चढू लागला. मुंजाजीनं बराच वेळ दम धरला. शेवटी हात गेलाच. पंप बंद.

"का बंद केलास?"

"पाइप फुटंल नं."

मॅडमना हसू आलं आणि रागही. प्रत्येक उत्तर चुकवायचं तर प्रत्येक बरोबर उत्तर ठाऊक असावं लागतं. घरी गेलं की बाप कामाला जुंपणार, इथं राहिलं की संस्थेचं आयतं जेवण, असा त्यांनी हिशेब लावला आणि त्याला चांगलंच झाडलं. तो एवढंच म्हणाला, "नापासच करा, मॅडम. पाया पडतो."

त्यांनी तोंडी परीक्षा घेतली. पकडला गेलेला मुंजाजी मुकाट उत्तरं देत गेला. सगळी बरोबर.

पहिल्यांदाच मेकॅनिक्सला कुणी राहिलं नाही. मॅडमची नोकरी टिकली. भगवानरावांनी पेढे वाटले आणि रिकाम्या वसतिगृहाला कुलूप घालायला सांगितलं.

फाटकाशी मुंजाजी पेटी घेऊन उभा होता. मॅडमनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. म्हणाल्या, "अजून राग आहे का माझ्यावर?"

"राग न्हाई, मॅडम. वसतिगृहात एक जरी पोरगं असलं तरी संस्थेचा पाण्याचा टँकर येतो. त्याच्यावरच माळाखालची आमची आख्खी वस्ती उन्हाळा काढती. यंदा माझा नंबर होता."