तेव्हा त्यांचा, आज आपला

बॅरिस्टर कोपऱ्यावरून वळला आणि ग्लेंडा ओल्ड्रॉइडच्या हातातला चहा हिंदकळला. तोच! तेच लांब नाक, डोक्यावर तोच पिवळट पडलेला केसांचा टोप.

"हा?" ती सॉलिसिटरबाईंच्या कानाशी लागली. "हा आमचा? अहो, दोन वर्षांपूर्वी ह्याच ब्रॅडफर्डच्या कोर्टात ह्यानेच माझ्या नवऱ्याला आत घातलं!"

शबनम मलिकच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अगंबाई! मला खरंच ठाऊक नव्हतं. आपल्या ठरलेल्या बॅरिस्टरबाई दुसऱ्या खटल्यात अडकल्यात, म्हणून काल संध्याकाळी कागद ह्यांच्याकडे गेले. पण तेव्हा ते सरकारतर्फे उभे होते, आज तुमच्या कीरनतर्फे. बॅरिस्टरांचं असंच असतं. कागद आले की त्या बाजूने उभं राहायचं."

"म्हणजे टॅक्सीच की," कीरन म्हणाला. "हात दाखवला की थांबायचं." हसायला गेला, पण पोराचे ओठ पांढरे पडले होते. गोदामातल्या मारामारीत एकाचा डोळा गेला होता आणि मारणारा हाच, असं पोलिसांचं म्हणणं. सिद्ध झालं तर पाच वर्षं तरी नक्की.

बॅरिस्टर थॉर्नबी मध्येच थांबून सरकारी बाजूच्या बॅरिस्टरबाईंशी खिदळत होता. आता बोला! अर्ध्या तासाने भांडणार ते ह्यांच्याशीच ना? ग्लेंडाचं डोकं चक्रावलं. रागवावं तरी कोणावर, तेच तिला कळेना.

थॉर्नबी जवळ आला. त्याने तिला ओळखलं. "मिसेस ओल्ड्रॉइड. तुमच्या मुलाला मी नको असेन, तर आत्ताच सांगा. मी जजसाहेबांकडे पुढची तारीख मागतो."

"नवरा त्या रात्री घरीच होता अशी साक्ष दिली मी, तर तुम्ही मला उलटसुलट विचारलंत," ग्लेंडा म्हणाली. "गोळी नऊला दिली की दहाला, सूप आधी की गोळी आधी. ज्यूरीतली माणसं हसली मला. तेव्हा तुम्हाला मी खोटारडी वाटले होते?"

"मला काय वाटतं, हा प्रश्नच नसतो."

"आणि माझा पोरगा? तो निर्दोष वाटतो?"

"तोही प्रश्न नसतो," तो शांतपणे म्हणाला. "मी त्याच्या बाजूने उभा आहे, एवढंच. दहा मिनिटं घ्या." आणि शबनमला घेऊन तो खिडकीपाशी गेला.

"आई, नको हा," कीरन कुजबुजला. "ह्याने बाबांची वाट लावली."

ग्लेंडाने एकदा खिडकीकडे पाहिलं. मग कप खाली ठेवून तिने कीरनचा टाय सरळ केला.

"हाच घे."

"अगं, पण तू बाबांसाठी खोटं बोललीस आणि ह्याने ते पकडलं, म्हणून—"

"खोटं?" तिचा आवाज चिरकला. "त्या रात्री तुझा बाप तापाने फणफणला होता रे. घरातच होता, माझ्या शेजारी. शब्द न् शब्द खरा होता माझा. म्हणून तर सांगते, हाच घे."