तांदळाच्या डब्यातला टाक

भूपेश बोटीवर गेला तो परतलाच नाही, त्याला दोन वर्षं झाली. गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात बसवायची घरची रीत. जिजाबाईच्या दिराने तो घडवून आणला, पण ती म्हणाली, “पोर जिता हाय माझा. त्याला कशाला देवांत बसवू?” टाक तांदळाच्या डब्यात गेला, भूपेशचं ताट रोज वाढलं जाई. झोप येईना म्हणून लेकीने तिला उत्तनच्या ध्यानवर्गाला धाडलं. तिथे वर्ग घेणाऱ्या उर्मिलाताई म्हणाल्या, “शंकराच्या गळ्यातला साप म्हणजे जिंकलेली भीती. आता डोळे मिटा. आपणहून येईल त्या देवाला येऊ द्या.” कुणाला गणपती दिसला, कुणाला दत्त. “मावशी, तुम्हाला?” “एकवीरेला हाका मारल्या. आला भूपेश.” घरी येऊन तिने टाक चिंचेने घासला, एकवीरेशेजारी बसवला. दुपारी नेहमीसारखं त्याचं ताट वाढलं, टाकासमोर ठेवलं आणि पहिल्यांदाच त्याभोवती पाणी फिरवलं.